ईव्हीचे शेअर घेतो म्हणजे आपण नक्की काय घेतो?

चिंचवडकर

ईव्ही येणार की नाही यासाठी हा धागा नाही. ती आली आहे. देशात विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त आता विजेवरच्या आहेत, दुचाकीत प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास, आणि चारचाकीत २०२४ साली अडीच टक्क्यांच्या आगेमागे. माझा प्रश्न वेगळा आहे. ऑफिसच्या ग्रुपवर रोज कोणीतरी "ईव्ही हेच भविष्य, आत्ताच घेऊन ठेवा" म्हणून एक शेअर टाकतो. भविष्य मान्य. पण त्या भविष्यातला नफा कोणाच्या डीमॅटमध्ये जमा होणार?

पहिली अडचण ही की चारचाकी ईव्हीची निखळ कंपनी आपल्या बाजारात घेताच येत नाही. ईव्ही म्हणून आपण जे घेतो, त्यात ईव्ही लोणच्याएवढी असते.

टाटांचं बघा. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली आणि पुढची काही वर्षं चारचाकी ईव्ही म्हणजे टाटा असंच समीकरण होतं, हिस्सा सत्तर टक्क्यांच्या वर. ऑक्टोबर २०२१ मध्ये टीपीजी राइझ क्लायमेट या गुंतवणूक फंडाने टाटांच्या ईव्ही उपकंपनीत ७,५०० कोटी रुपये घालायचं जाहीर केलं, ११ ते १५ टक्के हिश्शासाठी. म्हणजे त्या उपकंपनीचं मोल ९.१ अब्ज डॉलरपर्यंत धरलं. शेअर त्या दिवशी कसा उडाला होता हे जुन्या लोकांना आठवत असेल. पण त्या दिवशी ज्याने टाटा मोटर्स घेतला त्याच्या पदरात ईव्हीपेक्षा कितीतरी जास्त टाटांचीच ब्रिटिश कंपनी जग्वार लँड रोव्हर (जेएलआर) पडली. म्हणून तर सप्टेंबर २०२५ मध्ये जेएलआरवर सायबर हल्ला झाला, तिकडचे कारखाने महिन्याहून जास्त ठप्प राहिले, आणि मार बसला तो रांजणगावात नेक्सॉन बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरला. त्या तिमाहीत ईव्ही किती विकल्या हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

मधल्या काळात हिस्साही गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये जेएसडब्ल्यू एमजीने विंडसर काढली: गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. लोकांना "दहा लाखांत ईव्ही" एवढंच ऐकू आलं. २०२५ मध्ये टाटांचा हिस्सा चाळीस टक्क्यांच्या आसपास घसरला. आणि ज्यांनी तो खाल्ला त्या एमजीचा शेअर बाजारात नाहीच!

महिंद्रांची चिकाटी मला जास्त आवडते. २०१० मध्ये बंगळूरची रेवा घेतली, २०१३ मध्ये ई२ओ आणली, ती फार चालली नाही, तरी धंदा सोडला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन नव्या गाड्या दाखवल्या. त्यातल्या बीई ६ई वर इंडिगो कोर्टात गेली, म्हणून ती नुसती बीई ६ झाली. चाकणला बनतात, बॅटरीचे सेल मात्र चीनच्या बीवायडीचे. ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंटने २०२२ मध्ये १,९२५ कोटी देताना त्यांच्या ईव्ही उपकंपनीचं मोल ७०,०७० कोटींपर्यंत धरलं होतं. पण शेअर इतकी वर्षं वाढला तो कशावर? स्कॉर्पिओ, थार आणि ट्रॅक्टर. मुख्यतः डिझेल.

माझं म्हणणं एवढंच: भारतात ईव्हीला अजून डिझेल-पेट्रोलचा नफा पोसतोय, आणि पोसणारा ज्याच्याकडे आहे तोच टिकेल. नुसती ईव्ही करणारी कंपनी घ्यायची तर तिची रोकड किती महिने पुरेल हे आधी बघा, बुकिंगचा आकडा नंतर. पटतंय का? झोडा.

शॉर्टकट सदा

वाचलं. टार्गेट काय आणि स्टॉपलॉस कुठे लावू?

चिंचवडकर

सदाभाऊ, तुम्ही पहिला परिच्छेद तरी वाचलात का? (हलके घ्या)

लाँगटर्म लक्ष्मण

असहमत. तुमच्यासारखा रोकड मोजत बसणारा माणूस कुठलीच मोठी गोष्ट वेळेवर घेत नाही. टेस्ला २००३ ची कंपनी, पूर्ण वर्षाचा नफा पहिल्यांदा दाखवला २०२० मध्ये. डिसेंबर २०२० मध्ये ती एस अँड पी ५०० या अमेरिकी निर्देशांकात शिरली तोवर भरपूर पैसा होऊन गेला होता. बीवायडी तर आणखी चांगलं उदाहरण. वॉरन बफे यांच्या बर्कशायरने २००८ मध्ये साडेबावीस कोटी शेअर ८ हाँगकाँग डॉलरने घेतले, साधारण २३ कोटी अमेरिकी डॉलर घातले. त्या वेळी बीवायडी म्हणजे मोबाइलच्या बॅटऱ्या करणारी आणि बाकीच्यांच्या गाड्यांची नक्कल करणारी कंपनी असंच बहुतेकांचं मत होतं. चौदा वर्षं धरून ठेवले, ऑगस्ट २०२२ पासून विकायला लागले, २०२५ पर्यंत पूर्ण बाहेर. किती पटीने, ते तुम्हीच काढा.

आणि २०२५ मध्ये निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांत बीवायडीने टेस्लाला मागे टाकलं: साडेबावीस लाख विरुद्ध साडेसोळा लाखांच्या आसपास. म्हणजे ज्याच्याकडे सेल त्याचा बाजार. रोकड नव्हे, सेल बघा.

चिंचवडकर

लक्ष्मणराव, सेलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तुम्ही दोन जिंकलेले घोडे दाखवताय. मेलेल्यांची यादी मी देतो. लॉर्ड्सटाउन, जून २०२३. फिस्कर, जून २०२४. कानू, जानेवारी २०२५. निकोला, फेब्रुवारी २०२५. त्याच वर्षी मार्चमध्ये स्वीडनची नॉर्थव्होल्ट, जी सेलच बनवणार होती. हे सगळे दिवाळखोरीत गेलेत. रिव्हियनचा आयपीओ नोव्हेंबर २०२१ मध्ये ७८ डॉलरला आला, आठवड्याभरात १७० च्या पुढे गेला, पुढे विशीच्याही खाली आला. व्हिएतनामची विनफास्ट ऑगस्ट २०२३ मध्ये नॅस्डॅकवर आली तेव्हा काही दिवस फोर्डपेक्षा आणि जीएमपेक्षाही मोठी दिसत होती, कारण बाजारात सुटे शेअर मूठभर होते. आता तिचा एक कारखाना आपल्याकडे तुतिकोरीनला आहे.

आणि बीवायडीकडे २००८ मध्ये बॅटरीचा चालता धंदा होता. म्हणजे पोसणारा होता. माझाच मुद्दा झाला की.

डेट्रॉईटचा पाहुणा

मी इथे मिशिगनमध्ये एका पुरवठादार कंपनीत आहे, त्यामुळे "पोसणारा" प्रकार जवळून बघतोय. फोर्डचा ईव्ही विभाग वेगळा दाखवला जातो, म्हणून आकडा लपत नाही: २०२४ मध्ये त्या एका विभागाचा तोटा पाच अब्ज डॉलरच्या वर होता. ट्रक आणि व्हॅनच्या धंद्याने तो भरून काढला. मग ३० सप्टेंबर २०२५ ला गाडीमागची साडेसात हजार डॉलरची करसवलत संपली. त्याआधी महिनाभर शोरूममध्ये रांगा, नंतर शुकशुकाट. डिसेंबरमध्ये फोर्डने साडेएकोणीस अब्ज डॉलरचा फटका हिशेबात घेतला आणि पूर्ण विजेवरचा एफ-१५० लाइटनिंग बंद केला.

तेव्हा चिंचवडकर, पोसणारा असला म्हणजे कंपनी टिकते, हे खरं. पण पोसणारा कधीतरी ताटच ओढून घेतो, हेही धरून चाला. संचालक मंडळाला डिझेलचा नफा समोर दिसत असतो.

अवांतर: इथले बरेच मराठी लोक मला विचारतात टेस्ला घेऊ का. त्यांच्या ४०१के मध्ये, म्हणजे इथल्या निवृत्तीच्या खात्यात, इंडेक्स फंड असतो. म्हणजे टेस्ला त्यांच्याकडे आहेच, वेगळी कशाला? भारतातही निफ्टीचा फंड असेल तर महिंद्रा, मारुती, बजाज ऑटो तुमच्याकडे आहेतच.

तर्री पोहे

कारचं तुमी पुण्या-मुंबईचे लोक बघा. आमच्या नागपुरात ईव्ही म्हणजे स्कूटर, अन् शेअर बाजारातबी निखळ ई-स्कूटरवाल्या मोठ्या म्हणजे दोनच: ओला अन् एथर. दोघींचं मांडतो.

ओला इलेक्ट्रिक ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ रुपयांना आली. लिस्टिंगला ७६ च होती, अन् दहा-अकरा दिवसात १५७! तवा आमच्या ग्रुपवर अर्धे लोक ज्ञानी झाले होते. नोव्हेंबरपर्यंत ७६ च्या खाली, अन् २०२५ मध्ये पन्नाशीच्याबी खाली. का झालं? २०२४ च्या एप्रिलमध्ये नोंदणीतला निम्मा बाजार एकटीचा होता भाऊ. माल विकला, सर्व्हिस पुरली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दहा हजारांवर तक्रारींवरून नोटीस काढली. २०२५ मध्ये आपल्या परिवहन खात्याने ट्रेड सर्टिफिकेट नसलेल्या शोरूमवर कारवाई केली.

एथर एप्रिल-मे २०२५ मध्ये ३२१ ला आली. लिस्टिंग मिळमिळीत, पहिल्याच दिवशी बंद झाली इश्यूच्या खाली. कोणालाच नको होती. अन् ऑक्टोबरपर्यंत दुपटीच्या वर. तोट्यातच हाये अजून, पण तोटा कमी होत चालला अन् गाडीबद्दल लोक शिव्या देत नाहीत. दुसरा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला येऊन राहिला.

आता गंमत पहा. २०२५ मध्ये स्कूटरमध्ये पुढे कोण निघालं? टीव्हीएस अन् बजाज. दोघांचं पोट पेट्रोलवर भरतं. चिंचवडकर बरोबर बोलून राहिले.

लाँगटर्म लक्ष्मण

एथरचं उदाहरण माझ्या बाजूने जातं हो तर्रीभाऊ! नुसती ईव्ही करणारी, तोट्यातली, आणि तरी दुप्पट.

तर्री पोहे

जातं ना. म्हणून दोघींचं मांडलं, एकीचं नाही. तोटा दोघींचाबी होता. फरक कशात पडला ते बघा. माझ्या मते सर्व्हिस सेंटरच्या दारात उभं राहून जे कळतं ते ब्रोकरच्या रिपोर्टात नाही.

निवृत्त लेजर

सरकारी बँकेत पतपुरवठा खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मला शेअरच्या तक्त्यापेक्षा कर्जाचा विनियोग आधी दिसतो. या धाग्यात जेनसोलचं नाव अजून कसं आलं नाही? ते तर चिंचवडकरांच्या घराजवळचंच प्रकरण.

सेबीचा १५ एप्रिल २०२५ चा अंतरिम आदेश कोणीही वाचावा, भाषा सोपी आहे. जेनसोल इंजिनीअरिंगने ईरेडा आणि पीएफसी या सरकारी वित्तसंस्थांकडून ९७७.७५ कोटींची कर्जं घेतली. त्यातले ६६३.८९ कोटी ६,४०० ईव्ही घ्यायला होते. त्या गाड्या पुढे ब्लूस्मार्ट या टॅक्सी कंपनीला भाड्याने जायच्या. बँकेच्या भाषेत कंपनीचं मार्जिन (स्वतःचा वाटा) २० टक्के, म्हणजे गाड्यांवर एकूण ८३० कोटींच्या घरात खर्च व्हायला हवा होता. प्रत्यक्षात घेतल्या ४,७०४ गाड्या, ५६७.७३ कोटींच्या. उरलेल्या २६२ कोटींचा हिशेब लागत नाही. त्याच पैशांच्या वाटा शोधताना गुरुग्राममधल्या द कॅमेलियाज या आलिशान संकुलातला फ्लॅट निघाला.

पण मला त्याहून बोलकी वाटते ती चाकणची नोंद. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने शेअर बाजाराला कळवलं की नव्या ईव्हीला ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. सेबीने कागद मागवले तेव्हा नऊ संस्थांशी केलेले सामंजस्य करार निघाले, २९,००० गाड्यांचे, ज्यात किंमत नाही आणि देण्याची तारीखही नाही. ९ एप्रिलला एनएसईचा अधिकारी चाकणच्या प्लांटवर जाऊन थडकला. उत्पादन काही नाही, दोन-तीन मजूर तेवढे हजर. त्याने महावितरणची बिलं मागितली. बारा महिन्यांतलं सगळ्यात मोठं बिल डिसेंबर २०२४ चं: १,५७,०३७ रुपये.

हजाराच्या वर गेलेला शेअर त्या आदेशाआधीच दीडशेच्या खाली आलेला होता. प्रवर्तकांचा हिस्सा उतरत होता आणि किरकोळ भागधारकांची संख्या चढत होती. कोण विकत होतं आणि कोण घेत होतं हे तिमाहीच्या शेअरहोल्डिंगमध्ये छापून येत होतं. आम्ही स्टॉक स्टेटमेंट तपासायला युनिटवर जायचो तेव्हा आधी मीटर बघायचो, मग गोदाम.

भोसरीचा टर्नर

लेजरताई, दंडवत! दीड लाख बिल म्हणजे किती ते सांगतो. भोसरीत आठ-दहा सीएनसी मशिनांचं शेड दोन शिफ्ट चाललं तरी बिल त्याच्या आगेमागे जातं. म्हणजे माझ्यासारखा माणूससुद्धा उद्या तीस हजार गाड्यांचा करार करू शकतो. :)

आता आमच्या बाजूचं. माझं काम गिअर ब्लँक आणि शाफ्टचं. ईव्हीत क्लच नाही, सायलेन्सर नाही, गिअरबॉक्स म्हणजे एकच रिडक्शन. आज माझ्या धंद्यात ईव्हीचे जॉब थोडे आहेत, पण चौकशीला येणाऱ्या ड्रॉइंगमध्ये ईव्हीचीच जास्त. आम्हाला कंपनी खरी की खोटी हे कशावरून कळतं? शेड्यूलवरून, म्हणजे कुठल्या महिन्यात किती नग घेणार त्या तक्त्यावरून. नव्या ईव्हीवाल्यांची माणसं आली होती, मोठं प्रेझेंटेशन, महिन्याला पाच हजार सेट लागणार, व्हीएमसी वाढवा म्हणे. मी म्हटलं मशिन वाढवतो, आधी शेड्यूल द्या. शेड्यूल आलं त्यात एक शून्य कमी होतं. टूलिंगचे पैसेही तुम्हीच घाला, नगामागे देऊ म्हणाले. हात जोडले. नाव विचारू नका, शेअर बाजारात नाहीत.

तुम्हा शेअरवाल्यांना शेड्यूल दिसत नाही, पण वार्षिक अहवालात देण्यांची टीप असते. त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात आणि ती किती जुनी आहेत तेही. आम्हाला पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतो, असा नियम आता आहे. तरीही देणी तुंबलेली दिसली की समजा आत पाणी कमी आहे. बुकिंगचा आकडा प्रेस नोटमध्ये येतो, आमची थकबाकी शेवटच्या पानांत.

डेट्रॉईटचा पाहुणा

टर्नरसाहेब, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. इकडे फिस्करच्या वेळी पुरवठादारांची देणी अशीच फुगली होती.

मृण्मयी फणसाळकर-नव्हे

धागा छान चाललाय. मला एक गोष्ट कोणीच मांडलेली दिसत नाही: सरकारचं मन. गुंतवणूकदार म्हणून मला बॅटरीपेक्षा अधिसूचनांची जास्त भीती वाटते.

दुचाकीवरचं अनुदान जून २०२१ मध्ये किलोवॉट-तासाला १५,००० रुपये केलं, किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत. १ जून २०२३ ला ते १०,००० वर आणलं, मर्यादा १५ टक्के. ऑक्टोबर २०२४ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह आलं: ५,००० रुपये, आणि एप्रिल २०२५ पासून त्याचंही निम्मं. चार वर्षांत १५,००० चे २,५०० झाले! ज्या कंपन्यांनी अनुदानावर धंदा बांधला त्यांचं काय झालं ते हीरो इलेक्ट्रिककडे बघून कळतं. डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

मग २२ सप्टेंबर २०२५ चं जीएसटी. ईव्हीला ५ टक्के तसेच राहिले, पण छोट्या पेट्रोल गाड्या २८ टक्के अधिक उपकरावरून १८ वर आल्या. ईव्हीचं काहीही न बिघडवता तिचा फायदा एका रात्रीत आक्रसला.

आपल्या राज्यातही तेच. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या ईव्हीला ६ टक्के कर सुचवला, त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी मागे घेतला. एप्रिलच्या अखेरीस नवं ईव्ही धोरण आलं, त्यात अटल सेतू, समृद्धी आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर टोलमाफी. गाडी घेणाऱ्याला उत्तम. भागधारकाला त्यातून काय, ते मला अजून दिसलेलं नाही.

एसटीप्रेमी

मृण्मयीताई, +१. सरकार ग्राहक असलं की आणखी मजा. एसटीने ५,१५० इलेक्ट्रिक बसचं कंत्राट इलेक्ट्रिक बस बनवणाऱ्या ओलेक्ट्राच्या समूहातल्या एव्ही ट्रान्सला दिलं, जुलै २०२३. शेअर वर. बस येईनात. मे २०२५ पर्यंत दोनशेच्या आसपासच आल्या होत्या. परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी करार रद्द करायचे निर्देश दिले. शेअर खाली. ऑर्डर बुक म्हणून जो आकडा मिरवतात त्याची बस स्टँडवर उभी राहीपर्यंत किंमत शून्य धरायची, असा माझा नियम. शिवाईत बसलात का कोणी? बस फार सुरेख आहे हो. शांत. पुणे-नगर रस्त्यावर झोप लागते.

शॉर्टकट सदा

सगळे घाबरवताय. मग चुंबकवाली एखादी कंपनी सांगा. चीनने चुंबक बंद केले म्हणजे आपल्याकडे चुंबक बनवणारा करोडपती, असं रीलमध्ये होतं.

भोसरीचा टर्नर

सदाशेठ, मॅग्नेटचं खरं काय ते असं. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर निर्यात परवाना लावला, त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम आले. मोटर तापली तरी मॅग्नेटची ताकद जाऊ नये म्हणून ते घालतात. इकडे महिनाभरात मोटरवाल्यांची पळापळ सुरू. जुलैत बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी जाहीर सांगितलं की ऑगस्टमध्ये चेतक या ई-स्कूटरचं उत्पादन शून्यावरही येऊ शकतं. आकुर्डीत कारखाना तयार, कामगार तयार, गिऱ्हाईक तयार, आणि बोटभर मॅग्नेटसाठी लाइन अडकलेली. नंतर हळूहळू माल आला. आपल्याकडे मॅग्नेट बनवायचा म्हणजे खाण, शुद्धीकरण, मिश्रधातू, सिंटरिंग हे सगळं लागतं. रीलमध्ये यातलं एकतरी होतं का?

लाँगटर्म लक्ष्मण

म्हणूनच मी सेल आणि कच्चा माल म्हणतोय. बॅटरीचा पॅक २०२४ मध्ये जगभरात सरासरी ११५ डॉलर किलोवॉट-तासावर आला, दशकापूर्वी तो कित्येक पट होता. भाव असा पडत असताना भारतात सेलचा कारखाना काढणारा पैसे कधी मिळवणार, ही माझीही शंका आहे. टाटांचं अगरतास साणंदला २० गिगावॉट-तासांचा कारखाना उभारतंय, पण तेही बाजारात नाही. एक्साइड आणि अमरा राजा आहेत, त्यांना पोसतंय शिसं. चिंचवडकर, तुमचा नियम इथेही लागला, मान्य. पण मी एथर विकणार नाही.

चिंचवडकर

विकू नका की. मी कुठे विका म्हणतोय? तुम्हाला ती का घेतली हे सांगता येतं. माझी तक्रार ज्यांना ते सांगता येत नाही त्यांच्याबद्दल आहे.

शॉर्टकट सदा

माझ्याकडे बघून बोलू नका.

गॅलरीतली तुळस

इतका वेळ वाचनमात्र होते, एक साधी शंका विचारते. माझ्याकडे सासऱ्यांनी सुचवलेले टाटा मोटर्सचे थोडे शेअर होते. १३ ऑक्टोबर २०२५ ला ६६० च्या आसपास बंद झाले आणि १४ ला ४०० च्या आसपास उघडले. घरात रडारड. मग कळलं की विभाजन झालं. आता दोन कंपन्या दिसतात आणि दोन्हींच्या नावांत टाटा मोटर्स. ईव्ही कुठल्या कंपनीत आहे? आणि एक विकली तर खरेदीची किंमत कुठली धरायची?

निवृत्त लेजर

तुळसबाई, ज्या नावाला नुसतं "टाटा मोटर्स" म्हणतात ती आता ट्रक-बसवाली, १२ नोव्हेंबर २०२५ ला बाजारात आली. कार, ईव्ही आणि जेएलआर "टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेईकल्स" मध्ये. एकाला एक या प्रमाणात मिळालेत, त्यामुळे दोन्हींची संख्या सारखी दिसेल.

मूळ खरेदीची किंमत दोघींत वाटायची: ६८.८५ टक्के पॅसेंजरला, ३१.१५ टक्के ट्रकवालीला. समजा ५०० ला घेतला असेल तर ३४४.२५ आणि १५५.७५. ट्रकवालीची खरेदीची तारीख नोव्हेंबर २०२५ लिहू नका, मूळची तारीखच चालते. वर्ष उलटून गेलं असेल तर नफा दीर्घकालीन, एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, वर १२.५ टक्के. ब्रोकरच्या ॲपमध्ये ट्रकवालीची किंमत शून्य दिसत असेल तर तिथे दुरुस्ती टाका, नाहीतर मार्चमध्ये कॅपिटल गेनचा रिपोर्ट भलताच निघेल.

हे शेअर सासऱ्यांच्या नावावर असतील तर हा सगळा हिशेब त्यांच्या विवरणपत्रात जाईल, तुमच्या नाही. तसं असेल तर आधी सांगा, मग पुढचं लिहिते.